निजायची जागा थंड असो

ते १९७२ साल होतं. आदल्या वर्षीचा पाऊस तोंड दाखवून निघून गेला होता आणि एप्रिलमध्ये नदी इतकी आटली की आम्ही बायका पात्राच्या मधोमध चालत जाऊन तुंब्यांनी घागरी भरायचो. माझा थोरला, सेगा, तेव्हा रांगतही नव्हता. आणि माझ्या नवऱ्याचं, माकान जाराचं, नवं घर नुकतंच बांधून झालं होतं.

आमच्या कायेसइतकं तापणारं गाव सगळ्या माली देशात नाही. भोवती लोखंडाचे डोंगर आहेत. ते दिवसभर ऊन खातात आणि रात्रभर त्याचं रवंथ करतात. तरी मातीच्या घरांत माणसं निजत होती. माकानला मात्र सिमेंटचं घर हवं होतं, आणि त्याला काचेच्या खिडक्या. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. डाकारच्या गाडीतून त्यानं काचा मागवल्या, बाजरीच्या कडब्यात गुंडाळलेल्या. स्टेशनवरून त्या घरी आणताना तो गाढवगाडीच्या बाजूनं हात लावून चालत होता, दिवस गेलेल्या बाईला आणावं तसा. आमच्या गल्लीत काचा पहिल्यांदा आमच्याच घराला लागल्या. संध्याकाळी पोरी त्यांत बघून डोक्याची फडकी नीट करायच्या. माकान दाराशी बसून ते बघत राहायचा, आणि त्याच्या हातातला चहा निवून जायचा.

घर झाल्यावर त्यानं आईला खेड्यातून आणलं. सासूबाईंचं नाव सोखोना. उंच, काटक, हिरड्या निळ्या गोंदवलेल्या. मला आई नव्हती. मी मावशीकडे वाढले, आणि तिथं मला हाक पडायची ती काम सांगायलाच. सासूबाई आल्या त्या दिवशी त्यांनी सेगाला मांडीवर घेतलं, खेळवलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुला कोण घेणार? ये, बस अशी."

त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकवून मी बसले आणि त्यांनी माझ्या सगळ्या वेण्या उसवून पुन्हा घातल्या. त्यांच्या बोटांना शेंगदाण्याच्या तेलाचा वास होता. मी झोपून गेले. लग्नानंतर दिवसाउजेडी मी झोपले ती तेव्हाच.

माकाननं आईला घरातली सर्वांत चांगली खोली दिली होती, रस्त्याकडची. त्या खोलीची मोठी खिडकी मावळतीला. दुपार कलली की ऊन त्या काचेतून आत यायचं आणि बिछान्यावर चढून बसायचं. पत्र्याचं छप्पर कडकड वाजायचं. काचेला हात लावला तर चटका बसायचा. सेगाचं अंग घामोळ्यांनी भरून गेलं होतं. सासूबाई त्याला घेऊन या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकत राहायच्या, उन्हाच्या पुढं पुढं.

माकाननं बाजारातून जाड निळं कापड आणलं आणि खिडकीला आतून पडदा लावला. पडद्यामागं काच धगधगत राहिली आणि पडदा स्वतःच तव्यासारखा तापला.

"अरे बाबा," सासूबाई म्हणाल्या, "ऊन आधी घरात घेतलंस आणि मग त्याच्या तोंडावर फडकं टाकलंस. ते काय आता लाजून परत जाणार आहे?"

माकान हसला नाही. आई आपल्या घराला हसते, हे त्याला लागलं.

पुढं एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "शुक्रवारच्या नमाजानंतर गावाकडे ट्रक जातो. मी जाते."

त्यांनी हे अंगणात सांगितलं, म्हणजे गल्लीभर झालंच. विहिरीवर बायका मला विचारायला लागल्या, "म्हातारी जाणार म्हणे? शुक्रवारी जाणार?" मी मान हलवायचे आणि घागर डोक्यावर घेऊन निघायचे, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये.

रात्री मी सासूबाईंचे पाय चेपत बसले होते. म्हटलं, "आई, जाऊ नका ना."

"पोरी, या खोलीत मी वाळत घातलेल्या माशासारखी झालेय." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? इथं मला ओळखतं कोण? तिकडे मेले तर सगळं गाव येऊन बसेल. इथं मेले तर तू आणि माकान. एका चटईवर मावाल."

ती खोली थंड झाली नाही तर ही बाई जाईल, आणि मी पुन्हा बिनआईची होईन, एवढं मला कळलं होतं.

उपाय काही मोठा नव्हता. पोटापुरतं कमावणारं कुणीही दारा-खिडकीवर बाहेरून गवताची जाड चटई टांगतं. ऊन बाहेरच अडतं, वारा तेवढा आत येतो. मी माकानला तसं म्हणून बघितलं.

"सेगाचे बाबा, काचेवर बाहेरून चटई बांधली तर?"

तो जेवत होता. त्यानं भाताचा गोळा परत ताटात ठेवला. "काच कशासाठी आणली मी?"

"दिसायला."

"आणि चटई बांधली की काय दिसेल?"

"चटई."

"झालं तर मग," तो म्हणाला आणि जेवायला लागला. पुढं दुसऱ्यांदा तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. बायकोनं नवऱ्याच्या घराचं तोंड झाकायचं, तेही तो नको म्हणत असताना, हे आमच्याकडे होत नाही.

पण त्राओरे कुळातल्या कुणी झाकलं तर चालतं. शेजारची तेनिन त्राओरे रस्त्याच्या कडेला बाजरीचे गुलगुले तळायची. तिचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. जारा आणि त्राओरे, या दोन कुळांत थट्टेचं नातं. ते कधीपासून, कुणाला माहीत नाही. त्राओरेनं जाराला काहीही म्हणावं, आपला गुलामसुद्धा, त्याच्या ताटातला घास उचलावा. जारानं रागवायचं नाही. रागावला तर त्याचंच हसं. उलटंही तसंच. माकान सकाळी कामाला निघाला की रोज चालायचं.

"ए चवळीखाऊ जारा, रात्री किती पातेली चवळी खाल्लीस? भिंतीपलीकडं ऐकू येत होतं!"

"तुझ्या आजोबांनी चोरलेली परत आणली होती ना, तेवढीच!"

मी तेनिनकडे गेले तेव्हा ती कढईतून गुलगुले काढत होती. मी सांगत गेले आणि तिचा झारा हवेतच राहिला.

"एवढंच?" ती म्हणाली. "तो माझा गुलाम आहे. माझ्या गुलामाच्या घराला मी चटया बांधीन, नाही तर झूल घालीन. तू काही बघितलं नाहीस. तू पोराला पाजत होतीस."

"ते चिडले तर?"

"चिडेना का! मला जन्मात एकदा चिडलेला जारा बघायचाय."

गुरुवारी माकान कामावर गेला आणि थोड्या वेळानं बाजाराकडून एक गाढवगाडी आली, चटयांच्या गुंडाळ्यांनी भरलेली. त्या चटया ओल्या करून, दोन-दोन एकत्र शिवून मग टांगायच्या होत्या, म्हणून तेनिननं त्या आमच्या दारासमोर रस्त्यावर पसरल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या गवताला असा रंग आला होता, जणू कापणीच्या वेळचं शेत कुणीतरी उचलून आमच्या गल्लीत आणून अंथरलं होतं. मी सेगाला पाठीला बांधून दाभणानं शिवत बसले. तेनिन गाणं म्हणत पाणी शिंपडत होती. पहिली जोडी आम्ही सासूबाईंच्या खिडकीवर टांगली, काचेपासून वीतभर पुढं, बांबूच्या टेकूवर. सासूबाई आत पडून होत्या, सकाळ म्हणून पडदा सारलेला. खोली अंधारली तरी त्यांनी हाक मारली नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल.

तेवढ्यात समोरची शिंपीण आली. माझ्यापुढं वाकली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अल्ला त्यांची निजायची जागा थंड करो."

मला किती बरं वाटलं! म्हटलं, हिला कळलं वाटतं, आम्ही काय करतोय ते. "आमीन, आमीन," मी हसून म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर चाललंय सगळं."

तिनं माझ्याकडे विचित्र बघितलं आणि चटईवर बसली. मग विहिरीवरच्या दोघी आल्या. "अल्ला निजायची जागा थंड करो."

"होईल, होईल," तेनिन खिडकीवरून ओरडली. "दुपारपर्यंत बघा कशी गार होते!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणखी चौघी आल्या, काखेत आपापल्या चटया. मशिदीतले म्हातारे बांग देणारे आले, त्यांनी हात पसरून दुवा म्हटली. माणसं येतच राहिली. एक बाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली तेव्हा माझ्या हातातलं दाभण गळून पडलं.

आमच्याकडे कुणी गेलं की दारासमोर चटया पसरतात आणि येणारा हेच म्हणतो: निजायची जागा थंड असो. मी शंभरदा ऐकलेलं आणि म्हटलेलं वाक्य. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात खिडकीशिवाय दुसरं काही नव्हतं. गल्लीला ठाऊक होतं की म्हातारी जाणार. आज दारात चटया दिसल्या, म्हणजे म्हातारी गेली.

"तेनिन!" मी ओरडले. "अगं, यांना वाटतंय आई गेल्या!"

तेनिन शिडीवरून खाली उतरायच्या आतच आमचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. डोक्याचं फडकं सारखं करत, डोळे किलकिले करून त्यांनी सगळा जमाव बघितला. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

शिंपिणीनं तोंडावर हात ठेवला. बांग देणारे चपला शोधायला लागले. सासूबाईंना वाटलं, दुःखानं यांना बोलवत नाही. त्या शांतपणे पुढं आल्या, बायकांच्या मध्ये चटईवर बसल्या, आणि म्हणाल्या, "अल्ला त्याची निजायची जागा थंड करो."

"आमीन," सगळे म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

मग तेनिनचं हसू फुटलं. ती हसत हसत खाली बसली आणि तिचं बघून बाकीच्या. सासूबाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. एकेकीकडे बघत गेल्या. "तू विहिरीजवळची ना? तू माझ्यासाठी आलीस?... आणि तू? तुझं तर पोर आजारी आहे." "तुम्ही इतके म्हातारे, उन्हातून आलात?" असं करत त्यांनी सगळ्या चटयांवरून नजर फिरवली, जणू घरचं धान्य डोळ्यांखालून घालत होत्या.

आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी माकान दिसला. समोरचा शिंपी सायकल घेऊन कारखान्यात सांगायला गेला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माकान धावत होता, हात काळ्या तेलाचे, टोपी पडलेली, आणि लहान पोरासारखा मोठमोठ्यानं रडत होता. चटयांपाशी आला आणि थांबला. समोर त्याची आई बसली होती.

"पाय पूस," ती म्हणाली. "लोकांच्या चटया आहेत."

तो तिच्या पायांशी कोसळलाच. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग त्यानं डोळे पुसले, मान वर केली, आणि त्याला आपल्या घराची मोठी खिडकी दिसली. म्हणजे दिसली नाही. त्याचा जबडा घट्ट झालेला मी बघितला.

"हे कुणी केलं?"

"मी!" तेनिन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्या मालकिणीनं. चिडलास की काय, चवळीखाऊ? चिड रे एकदा! सगळी गल्ली बसलीये बघायला, चटयासुद्धा घालून ठेवल्यात."

लोक थांबले होते. माकानचा चेहरा एकदा असा झाला, एकदा तसा. शेवटी त्याच्या घशातून एक आवाज निघाला, हसण्याचा की हुंदक्याचा मला आजही सांगता यायचं नाही.

"त्राओरे शिवणार," तो म्हणाला, "मग वाकडंच व्हायचं."

गल्ली हसली. पण तो आईकडे वळला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "आई, काढून टाकू? तू उद्या जाणारच आहेस."

सासूबाई उठल्या. "आधी आत ये. मला तुला काहीतरी दाखवायचंय. तू पण ये गं."

आम्ही तिघं खोलीत गेलो आणि त्यांनी दार लोटलं. आधी काहीच दिसेना. ओल्या गवताचा वास होता. नदीकाठी पहाटे असतो तसा. डोळे सरावले आणि मला समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रंग हलताना दिसले. चटईचा एक टाका तुटून बोट जाईल एवढं भोक राहिलं होतं. त्या भोकातून सगळा रस्ता आत आला होता आणि भिंतीवर उलटा झाला होता. आकाश खाली, जमिनीशी, निळं. त्याच्या वर पाय वर करून माणसं बसलेली. पिवळं फडकं, लाल फडकं. गाढवगाडी छताला लागून चाललेली. आणि तेनिन, डोकं खाली, दोन्ही हात हलवत कुणाला तरी शिव्या देत होती. आवाज बाहेरून येत होता, पण भिंतीवर सगळं मुकं आणि मऊ, पाण्यात पाहावं तसं.

"मी जागीच होते," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पहाटेचं स्वप्न लांबलं असं वाटलं. आधी एक बाई आली, मग दोघी, मग खूप. मला वाटलं, मी मेले आणि ही तिकडची माणसं मला न्यायला आली. म्हटलं, इतकी? मला तर इथं कुणी ओळखत नाही." त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. लाल फडक्याची बाई त्यांच्या हातावर आली. "म्हणून बघायला बाहेर आले."

माकान भिंतीकडे बघत उभा होता. त्याच्या सदऱ्यावर उलटं झाड डुलत होतं.

दुपारी ऊन मावळतीकडे आलं तरी कुणी घरी गेलं नव्हतं. मातमासाठी आणलेला तांदूळ शिजला, शेंगदाण्याची आमटी झाली, रीतीप्रमाणे चहाच्या तिन्ही फेऱ्या झाल्या. बायकांनी आपल्याच चटया देऊन उरलेल्या खिडक्याही झाकल्या. तांदूळ धुतलेलं पाणी मी चटयांवर शिंपडलं. मग माकान एकटा आत गेला आणि मी दारातून बघितलं. त्यानं निळा पडदा आणखी बाजूला केला आणि काचेवर तळहात ठेवला, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. हात लगेच मागं आला नाही. त्यानं तो तिथंच राहू दिला. बिछान्यावर सासूबाई आणि सेगा, दोघंही झोपले होते, दोघांची तोंडं उघडी.

त्यानं पडदा काढला, घडी केली आणि बाहेर येऊन तेनिनच्या अंगावर फेकला. "हे घे. गुलामाकडून."

शुक्रवारी नमाजानंतर ट्रक आला, त्यानं भोंगा वाजवला. सासूबाई माझ्या वेण्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्याला सांग," त्या म्हणाल्या, "म्हातारी कालच गेली होती, परत आली. आता घाई नाही."

त्यानंतर त्या त्या खोलीत खूप वर्षं राहिल्या. चटया दरवर्षी बदलायचो, पण नवी चटई आली की त्या दाभणानं एक भोक आधी पाडून ठेवायच्या. सकाळ-संध्याकाळ भिंतीपुढं बसून गल्ली बघायच्या. माकान घरी यायच्या आधीच त्यांना दिसायचा. "आला तुझा नवरा, डोकं खाली करून," म्हणायच्या आणि मी चहाचं पाणी ठेवायचे. सेगा चालायला त्या भिंतीपाशीच शिकला, उलट्या माणसांना धरायला जाता जाता.

तेनिननं पडद्याच्या कापडाचा झगा शिवून घेतला, त्याच शिंप्याकडून, आणि तो घालून ती रोज सकाळी माकानला विचारायची, "ऊन लागतंय का रे?" म्हातारपणी ती मुलीकडे बामाकोला गेली आणि तिथंच वारली. माकान तिच्या मातमाला गेला होता, आगगाडीनं. तिच्या चटईवर बसून त्यानं तिला इतक्या शिव्या दिल्या की तिच्या मुली रडता रडता हसायला लागल्या. थट्टेच्या नात्यातल्या माणसाला ते करावंच लागतं. घरी आला तेव्हा मात्र दोन दिवस जेवला नाही.

रेल्वे आधी मंदावली, मग थांबली. माकान निवृत्त झाला. काचा एकेक करून फुटल्या आणि त्यानं त्या पुन्हा बसवल्या नाहीत. तो जाऊनही आता बरेच पावसाळे झाले. सेगा फ्रान्समध्ये असतो. मोठं यंत्र पाठवतो म्हणतो, भिंतीला लावायचं, खोली गार करणारं. मी म्हणते, भिंत मला लागते रे.

सासूबाई गेल्या त्या या सगळ्याच्या आधी, एका पावसाळी सकाळी, भिंतीकडे तोंड करून. मी आणि माकाननं दारासमोर चटया पसरल्या आणि वाट बघत बसलो. कुणीच येईना. लोक जाता-येता हात करायचे, "काय, चटया बदलताय वाटतं?" म्हणायचे आणि पुढं जायचे. माकान मान खाली घालून बसला होता. शेवटी तेनिन बाहेर आली, तिनं माझा चेहरा बघितला, आणि पायात काही न घालता निळ्या झग्यात गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिचा तो टाहो स्टेशनपर्यंत गेला असेल.

मग माणसं आली. चटया पुरल्या नाहीत, म्हणून आम्ही खिडक्यांवरच्या काढून अंथरल्या.